दिवाळीच्या त्या फोटोविषयी, सिंगापूरहून

सिंगापूर,
रविवार, दि. १६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आप्पा आणि मातोश्री आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

मी इकडे खुशाल आहे. दादाचे तीन निरोप आणि फुईचा एक लांबलचक फोन मला पोहोचला. दिवाळीतला माझा एक फोटो पाहून घरात काळजीचे वातावरण झाले आहे, एवढे त्यातून समजले. त्या दिवशी फोनवर मी हसून ‘तसे काही नाही’ एवढेच म्हणाले, कारण ड्युटीवर जायला वीस मिनिटे उरली होती आणि वहिनीच्या मागे बाकी मंडळी कान देऊन उभी आहेत हे मला कळत होते. आज सुट्टी आहे, म्हणून सगळे सविस्तर लिहिते. दादाने हे पत्र मोठ्याने वाचून दाखवावे, पण शेवटचा भाग आधी तुम्ही दोघांनीच वाचावा आणि मग कोणाला काय सांगायचे ते ठरवावे. माझे जेवण, झोप, ड्युटीच्या पाळ्या यांविषयी रोज रात्री बोलणे होतेच, त्यामुळे ते इथे पुन्हा लिहीत नाही.

पहिली गोष्ट अशी की मी सिगारेट ओढत नाही, आजवर एकदाही ओढलेली नाही, आणि फोटोत माझ्या तोंडासमोर जो धूर दिसतो तो माझा नाही. तो आमच्या वॉर्डातल्या वरिष्ठ सिस्टरच्या सिगारेटचा आहे. त्या फिलिपिन्सच्या आहेत, वयाने आईपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या. मी इथे नवी असताना रात्रपाळी संपली की माझ्या हातात भाताचा डबा ठेवणाऱ्या त्या याच. दिवाळीच्या संध्याकाळी आम्ही तिघी लिटल इंडियातली रोषणाई पाहून परतलो. आमच्या इमारतीजवळ आल्यावर सिस्टरना तलफ आली, तेव्हा त्या तिथल्या पिवळ्या चौकोनात जाऊन उभ्या राहिल्या आणि आम्हा दोघींना त्यांनी लांबच थांबायला सांगितले. त्यांची पर्स माझ्या खांद्याला होती. तेवढ्यात मनिलाहून त्यांच्या मुलाचा फोन आला. तो आठवड्यातून एकदाच फोन करतो हे मला माहीत असल्याने मी फोन घेऊन त्यांच्याकडे धावत गेले आणि आमच्या तिसरीने नेमका तोच क्षण टिपला. सिस्टरनी आधी सिगारेट विझवली, मग फोन घेतला आणि रेषेच्या बाहेर येऊन मुलाशी बोलल्या. जळती सिगारेट हातात घेऊन त्या रेषेबाहेर एक पाऊलही आल्या नाहीत. मी त्या चौकोनात फार तर दोन मिनिटे होते. फुईच्या सुनेने तो फोटो मोठा करून सगळ्यांना दाखवला, त्याबद्दल माझा राग नाही. परक्या देशात एकटी राहणारी मुलगी म्हटल्यावर लोक बोलणारच, पण तुम्ही दोघांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा, एवढीच माझी विनंती आहे.

आता त्या चौकोनाविषयी सांगते, कारण फुईचा सगळा रोख त्याच्यावर होता आणि तिथे लोकांना शिक्षा म्हणून उभे करतात की काय, असे तिने मला दोनदा विचारले. आमच्या इमारतीपासून साधारण तीस पावलांवर, एका झाडापाशी, फरशीवर पिवळ्या रंगाच्या जाड रेषांनी एक चौकोन आखलेला आहे. माझ्या पावलांनी तो सात पावले लांब आणि चार पावले रुंद भरतो. त्याला भिंत नाही, दोरी नाही, छप्पर नाही आणि राखणदारही नाही. एका कोपऱ्यात कचरापेटी आहे आणि तिच्या माथ्यावर थोटके विझवायला पत्र्याची वाटी बसवलेली आहे. ज्याला सिगारेट ओढायची असेल तो तिथे जातो, रेषेच्या आत उभा राहतो, ओढून झाली की वाटीत विझवतो आणि आपल्या वाटेने निघून जातो. सांगायला हे इतके सोपे आहे, तरी मला उमजायला बरेच दिवस लागले. पहिल्या आठवड्यात तर ती मालाची गाडी उभी करायची जागा आहे अशीच माझी समजूत होती.

पहाटे साडेपाचला मी ड्युटीवर निघते तेव्हा एक आजोबा बनियन आणि अर्ध्या चड्डीवर त्या चौकोनाच्या बरोबर मध्यभागी उभे असतात. त्या वेळी सगळा रस्ता रिकामा असतो. त्यांनी झाडाखाली बसून ओढली काय किंवा जिन्याच्या तोंडाशी ओढली काय, पाहणारे कोणीही नसते. तरीही ते रोज चौकोनातच उभे असतात आणि पाऊस असला तर छत्री घेऊन उभे असतात. एका संध्याकाळी चार मित्र गप्पा मारताना पाहिले. तिघे ओढणारे रेषेच्या आत होते आणि न ओढणारा चौथा बाहेर उभा होता. नदीच्या दोन काठांवरून बोलावे तसे त्यांचे बोलणे चालले होते आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटत नव्हते. कधी चौकोन भरलेला असला तर एखादा माणूस न पेटवलेली सिगारेट बोटांत धरून बाहेर थांबतो आणि आतला एक जण निघाला की मगच आत जातो. आई, तुला मी फोनवर हे सांगितले तेव्हा तू म्हणालीस की ही तर लक्ष्मणरेषाच झाली. शब्द अगदी बरोबर आहे, फक्त इथे रेषेच्या आत ओढणारा असतो आणि बाहेरच्यांच्या रक्षणासाठी तो ती ओलांडत नाही.

जिभाऊंचे म्हणणे असे की हे सगळे दंडाच्या धाकाने चालते. दंड आहे हे खरे आहे. बंदी असलेल्या ठिकाणी सिगारेट ओढताना सापडल्यास २०० डॉलर भरावे लागतात, म्हणजे आपल्याकडचे सुमारे साडेतेरा हजार रुपये झाले, आणि प्रकरण न्यायालयात गेले तर दंड १,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. पण नुसता धाक असता तर पहाटे साडेपाचच्या अंधारात तो चौकोन रिकामा राहिला असता. इथे हा नियम काल-परवा आलेला नाही. १९७० साली, म्हणजे आप्पा एसटीत लागायच्या कितीतरी आधी, इथे बसगाड्या, चित्रपटगृहे आणि नाट्यगृहे यांत धूम्रपान बंद झाले, आणि पुढे पन्नास वर्षांत ती बंदी एकेक पाऊल पुढे सरकत गेली. २०१३ पासून बसथांब्याच्या आसपास पाच मीटरपर्यंत, छपराच्या पायवाटांवर, पादचारी पुलांवर, इमारतींच्या सामाईक व्हरांड्यांत आणि जिन्यांत ओढता येत नाही, आणि रुग्णालयाच्या उघड्या आवारातसुद्धा येत नाही. १ जानेवारी २०१९ पासून ऑर्चर्ड रोड हा इथला मोठा बाजाररस्ता ठरावीक जागा सोडून धूरमुक्त झाला, आणि जुलै २०२२ पासून सगळ्या सार्वजनिक बागा त्यात आल्या. एकवीस वर्षांखालच्या कोणाला सिगारेट विकत मिळत नाही. एका पिढीने नियम म्हणून जे पाळले ते पुढच्या पिढीने रीत म्हणून उचलले, असे मला इथे राहून दिसते.

आणि हे आपल्याकडे होणार नाही असे जिभाऊ म्हणतात तेव्हा मला तुमची बस आठवते, आप्पा. मी सातवीत असेन. चोपड्याहून जळगावला तुमच्याच गाडीने येत होते. धो-धो पाऊस होता, सगळ्या खिडक्या लावलेल्या होत्या आणि मागच्या बाकावर पांढऱ्याशुभ्र कपड्यांतल्या एका बड्या असामीने विडी पेटवली. तुम्ही दोनदा ‘भाऊ, विझवा’ म्हणालात. तो हसला. मग तुम्ही एकच घंटा दिली आणि तापीच्या पुलाअलीकडे गाडी थांबली. ‘विडी विझल्याशिवाय डबल बेल पडणार नाही’ एवढेच तुम्ही बोललात आणि तिकिटांची पेटी मांडीवर घेऊन शांत बसलात. दोन मिनिटे कोणी काही बोलले नाही, आणि मग एक म्हातारी बाई त्याला आमच्या आजीच्याच भाषेत म्हणाली, ‘धूर तो धूरच शे, बापा.’ त्याने विडी बुटाखाली चिरडली, तुम्ही डबल बेल दिली आणि गाडी पुलावर चढली. त्या गाडीत ना कॅमेरा होता, ना पोलीस. मी इथे कोणाला माझ्या वडिलांविषयी सांगते तेव्हा हीच गोष्ट सांगते.

कायदाही आपल्याकडे आहे आणि तो काही नवा नाही. आपल्या मुंबईच्या मुरली देवरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला बंदी घालण्याचा आदेश दिला, २००३ साली कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून नियम कडक झाले. बसस्थानकावर ‘येथे धूम्रपान करणे गुन्हा आहे’ अशी पाटी लागली ती तेव्हापासून. दंड २०० रुपयांपर्यंतचा आहे. तुम्हाला तर हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, कारण ती पाटी वाचून दाखवण्यात तुमची अर्धी नोकरी गेली. मला एवढेच म्हणायचे आहे की पाटी आणि माणूस यांच्यामध्ये घंटेची दोरी हातात धरणारे कोणीतरी लागते.

मी इथले कौतुकच सांगते आहे असे समजू नका. पिवळ्या रंगाने धूर अडत नाही. वारा आमच्या बाजूचा असला की रेषेबाहेर दहा पावलांवरही वास येतो. शिवाय हा नियम घराच्या दारापाशी संपतो. आमच्या खालच्या मजल्यावर एक कुटुंब राहते. त्यांच्यातला कोणीतरी रोज रात्री दहाच्या सुमारास खिडकीत उभा राहून ओढतो आणि तो धूर सरळ आमच्या स्वयंपाकघरात येतो. मग आम्ही खिडकी लावून घेतो आणि उकाड्यात बसतो. स्वतःच्या घरात ओढायला इथे मनाई नाही, त्यामुळे शेजाऱ्याकडे विनंती करण्यापलीकडे हातात काही उरत नाही. आम्ही एकदा विनंती केली, चार दिवस बरे गेले, आणि पाचव्या रात्री पुन्हा वास आला.

मी फुप्फुसांच्या आजारांच्या वॉर्डात काम करते हे तुम्हाला माहीत आहे, पण तिथले मी घरी फारसे सांगत नाही, कारण आईला रात्री झोप लागत नाही. आज एक गोष्ट सांगते. मागच्या पावसात एक आजी आमच्याकडे महिनाभर होत्या. त्यांनी आयुष्यात कधी सिगारेट ओढली नव्हती. त्यांचे यजमान मात्र पन्नास वर्षे घरात ओढत आले होते. आजार त्यामुळेच झाला असे डॉक्टर कधी म्हणाले नाहीत, कारण एका माणसाच्या बाबतीत तसे ठामपणे सांगता येत नाही, पण आजोबांनी ते मनाशी पक्के धरले होते. ते रोज दुपारी काठी टेकत यायचे, तासभर पत्नीचा हात धरून बसायचे आणि मग उठून आवाराच्या बाहेर, रस्त्यापलीकडे ओढायला जायचे. एकदा मी खिडकीतून पाहिले. भर उन्हात ते तिथे उभे होते आणि हातातली सिगारेट पेटवलेली नव्हती. परत आल्यावर त्यांनी हात धुतले, सदऱ्याची बाही नाकाशी नेऊन वास घेतला आणि वास नाही याची खात्री झाल्यावरच पत्नीच्या खाटेपाशी बसले. ते बाहीचा वास घेणे माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

आप्पा, आता मी जे लिहिणार आहे त्याबद्दल आधीच क्षमा मागते. लेकीने वडिलांना असे सांगू नये हे मला कळते, पण हे काम करून मी गप्प राहिले तर तुम्ही दिलेल्या शिक्षणाचा उपयोग काय? तुम्ही नोकरीत असताना विडी ओढायचा, पण चोपड्याच्या स्थानकावर प्रवाशांच्या बाकावर बसून तुम्ही कधीही ओढली नाही. पार्सल खोलीच्या मागे, बाभळीपाशी जाऊन ओढायचा आणि चूळ भरून परत यायचा. मी स्वतः पाहिले आहे. म्हणजे तुमचाही एक चौकोन होता, तो कोणी आखून दिलेला नव्हता इतकेच. सेवानिवृत्तीनंतर तो चौकोन गेला. आता तुम्ही ओट्यावर बसता, सकाळची पहिली विडी तिथेच पेटते आणि दादाचा मुलगा तुमच्या मांडीवर असतो. मागच्या महिन्यात व्हिडिओवर मी पाहिले, तुम्ही नुसता हात पुढे केला आणि तो पळत जाऊन देवघरातली काडेपेटी घेऊन आला. सगळे त्याच्या हुशारीला हसले. मीही हसले. फोन ठेवल्यावर मला खूप वेळ काही सुचले नाही, कारण त्याच्याच वयाची असताना तुमचे विडीबंडल आणि काडेपेटी दुकानातून मी आणायचे आणि उरलेल्या पैशांची गोळी खायचे.

त्याला या वर्षात दोनदा रात्री दवाखान्यात न्यावे लागले. वहिनी म्हणते की केळीच्या बागेतल्या गारठ्याने छाती भरते. गारठा असेलही. पण लहान मुलांच्या श्वासनळ्या अरुंद असतात, दुसऱ्याच्या विडी-सिगारेटच्या धुराने त्यांना दम्याचे झटके जास्त येतात, ब्राँकायटिस आणि न्यूमोनिया जास्त होतो, कान फुटतो, हे सगळ्या जगात तपासून सिद्ध झालेले आहे. हा धूर इतका थोडा असला तर चालतो अशी कोणतीही सुरक्षित मर्यादा नाही. ओटा उघडा आहे, धूर उडून जातो असे तुम्ही म्हणाल, पण आपला ओटा दाराला लागून आहे आणि वारा पश्चिमेचा असला की सगळा धूर ओसरीत येतो. विडी पानाची असते म्हणून ती सिगारेटपेक्षा बरी, असे जिभाऊ नेहमी म्हणतात. ते खरे नाही. टेंभुर्णीच्या पानातून हवा खेळत नाही, विडी विझू नये म्हणून झुरके जास्त आणि जोराने मारावे लागतात, त्यामुळे तंबाखू कमी असूनही निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड जास्तच आत जाते.

तुम्ही उद्यापासून विडी सोडा असे मी म्हणत नाही. चाळीस वर्षांची सवय सोडणे किती कठीण आहे ते मी रोज पाहते. सोडायची इच्छा झाली तर विडीबंडलाच्या वेष्टनावर १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक छापलेला असतो, तिथे फोन केल्यास मार्गदर्शन मिळते. माझे मागणे त्याहून लहान आहे. ओट्यावर आणि घरात ओढू नका, अंगणाच्या टोकाला चिंचेखाली जाऊन ओढा, नंतर चूळ भरा, हात धुवा आणि मगच नातवाला घ्या. काडेपेटी त्याला आणायला लावू नका. जिभाऊ आणि पारावरची मंडळी ओट्यावर आली की त्यांनाही चिंचेखालीच खाट टाकून द्या. घरात कोणी तुम्हाला हे सांगणार नाही, कारण दादाला तुमचा धाक आहे आणि वहिनी सून आहे. मी तीन-चार हजार किलोमीटरवरून लिहिते आहे, समोर असते तर माझीही जीभ उचलली नसती.

खोकल्याचे तुम्ही फोनवर ‘ऋतू बदलला’ म्हणून टाळता. तीन आठवडे झाले आहेत. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात जाऊन छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी करून घ्या आणि अहवालाचा फोटो मला पाठवा. मी इथे त्याचे काही वेडेवाकडे करणार नाही, फक्त पाहीन.

इथून पुढचे आधी तुम्ही दोघांनीच वाचावे.

धुळ्याच्या स्थळाविषयी तुम्ही माझे मत विचारले आहे. मंडळी चांगली आहेत, मुलगा शिकलेला आहे, पुण्यात नोकरीला आहे, बोलायलाही नम्र आहे. पण त्या रविवारी व्हिडिओवर त्याची आई आईशी बोलत असताना तो किंचित बाजूला वळला, पेनाच्या टोपणासारखी चंदेरी नळी ओठांना लावली आणि खिडकीच्या उजेडात पांढरा ढग उठला. शेजारी त्याच्या बहिणीचे बाळ पाळण्यात होते. ती वेप होती, इलेक्ट्रॉनिक सिगारेट. बाळाला दवाखान्यात देतात तशी ती पाण्याची वाफ नसते, तिच्यात बहुधा निकोटीन आणि इतर रसायने असतात, आणि आजूबाजूचे लोक तीच हवा घेतात. आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने तिचे उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात हे सगळे बंद आहे. साठा सोडून बाकीच्या पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. जी वस्तू विकायलाच बंदी आहे ती त्याच्या हातात आली कुठून, हा माझा प्रश्न आहे. इथे तर सिगारेटला निदान पिवळा चौकोन आहे, वेपला तोही नाही. ती नुसती जवळ बाळगणे हासुद्धा २०१८ पासून गुन्हा आहे. काही नळ्यांत एटोमिडेट मिसळलेले सापडले, जे भूल देण्यासाठी शिरेतून द्यायचे औषध आहे आणि मी स्वतः हाताळलेले आहे, त्यामुळे या १ सप्टेंबरपासून नियम आणखी कडक झाले आहेत. परदेशी माणूस पुन्हापुन्हा सापडला तर त्याचा परवाना रद्द होऊन त्याला देशाबाहेर काढतात. लग्नानंतर तो माझ्याकडे आला तर काय होईल, याचा विचार तुम्हीच करा. फुईच्या मुलानेही ‘येताना एक घेऊन ये’ असा निरोप धाडला होता. त्याला रागावू नका, पण मी आणणार नाही एवढे सांगा. आणि जिभाऊंना कधी इकडे यायचे झाले तर तंबाखूची पुडी पिशवीत ठेवू नका म्हणावे, कारण खायचा तंबाखू आणि गुटखा इथे आणायला बंदी आहे.

मी नकार देत नाही. मुलगी परदेशात जाऊन डोक्यावर बसली असे नातेवाइकांनी तुम्हाला ऐकवावे, असे माझ्या हातून होऊ नये. आप्पांनी मुलाला एकट्याला बाजूला घेऊन सरळ विचारावे. खरे सांगितले आणि सोडायची तयारी असली तर मी पुढे बोलेन. खोटे सांगितले तर माझा निर्णय झाला असे समजावे. मी आता सत्तावीस वर्षांची आहे आणि या गोष्टीने आईची झोप उडते हे मला माहीत आहे.

दादाच्या खात्यावर काल ४५,००० रुपये पाठवले आहेत. त्यातले १८,००० माझ्या शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता, १०,००० गव्हाच्या पेरणीला, ५,००० आप्पांच्या तपासणीला आणि बाकीचे आईने स्वतःजवळ ठेवावेत, ते घरखर्चात घालू नयेत. सोन्याचा भाव पाहता माझ्यासाठी आत्ताच काही करू नका.

आणि एक सांगायचे राहिले, ते आता लिहूनच टाकते. दिवाळीला रजा मिळाली नाही असे मी तुम्हाला सांगितले होते. खरे म्हणजे मी रजा मागितलीच नव्हती. तिकीट फार महाग होते आणि ते पैसे हप्त्याला लावले तर कर्ज लवकर फिटेल असा हिशेब मी केला. आईने माझ्या वाटचा फराळ तुळशीच्या लग्नापर्यंत डब्यात ठेवला होता हे वहिनीने सांगितले, तेव्हापासून मला तो हिशेब बरोबर वाटत नाही. आता थंडी पडेल, शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जातील. त्या एका धुराची मला इथे फार आठवण येते. आखाजीला मी नक्की येते, रजेचा अर्ज कालच दिला आहे. या वेळी खरोखर दिला आहे.

आजीला आणि जिभाऊंना नमस्कार, दादा-वहिनीला आठवण आणि छोट्याला खूप खूप पापे.

तुमची लेक

ता. क. आप्पा, ओट्याच्या पायरीपासून चिंचेच्या बुंध्यापर्यंत किती पावले आहेत ते छोट्याला सोबत घेऊन मोजा आणि मला कळवा. पावले त्याची धरा, तुमची नको.